बॉग कॉटनचा डावा डोळा

डिम्पना लूबीला घोडा कळतो, हे किलमोईलच्या पंचक्रोशीत कुणी नाकारत नसे. जे तिच्याशी बोलत नव्हते तेही नाकारत नसत. आठवड्याचे पाच दिवस ती गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून ओटच्या गोण्या विकायची, आणि शर्यतींच्या हंगामात जिल्ह्याच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी तिचं अर्धं पान यायचं. कुठला घोडा जिंकेल हे ती त्यात फारसं सांगत नसे. घोडा कसा आहे ते सांगायची. खांदा कसा, छाती किती, उडी घेताना मान लांब करतो की आखडतो, चिखलात टाप रुतली तर घाबरतो की चिडतो. पैसे कुणावर लावायचे ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ही नजर बापाकडून आलेली. जेर लूबी नालबंद होता. सात वर्षांच्या डिम्पनाला सायकलच्या दांड्यावर बसवून तो पागोपागी हिंडायचा. नाल ठोकण्याआधी घोड्याला दगडी फरशीवरून दोनदा चालवायचा आणि पोरीला विचारायचा, "सांग बघू, कुठं दुखतंय याला?" ती चुकली तर रागवायचा नाही. घोडा पुन्हा चालवायला लावायचा. कधी कधी पाच-पाच वेळा.

आता ती बावन्न वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि आयुष्यात एकदाच ती ठळकपणे चुकली होती. आठ वर्षांपूर्वी कॉन टियर्नी नावाच्या ट्रेनरच्या घोड्याबद्दल तिनं लिहिलं होतं, "मागचा उजवा पाय आखडतो, तीन मैल पेलणार नाही." मालकानं ते वाचलं आणि घोडा कॉनच्या पागेतून काढून दुसरीकडे दिला. त्या घोड्यानं पुढच्या वर्षी तीन शर्यती मारल्या. कॉनकडचे इतर घोडेही एकेक करून गेले, आणि तो कुटुंब घेऊन इंग्लंडला निघून गेला. जायच्या आधी त्याची बायको दुकानात आली होती. काही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझी नजर फार तीक्ष्ण आहे म्हणतात. आमचं घर नाही दिसलं तुला."

त्यानंतर डिम्पना जपून लिहायला लागली. 'असावा', 'वाटतो', 'पाहावं लागेल' असे शब्द तिच्या अर्ध्या पानात शिरले. संपादक हॅकेट चिडवायचा, "डिम्पना, तू घोड्यांबद्दल लिहितेयस की वकिलाला पत्र लिहितेयस?"

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी किलमोईलला नवख्या घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत असे. हंगाम सुरू होईपर्यंत मोठ्या कुंपणांवरून एकही शर्यत न जिंकलेले घोडे, तीन मैल, सतरा कुंपणं. नवख्या घोड्याबद्दल आधीची माहिती थोडीच असते, म्हणून डिम्पना त्या आठवड्यात जमतील तेवढ्या पागा स्वतः फिरायची. त्या वर्षी नऊ घोडे होते. सोमवारी तिनं चार पाहिले, त्यातले तीन ध्यानात राहिले. सेक्स्टन हा धिप्पाड तांबडा, कुंपणाला छाती लावून ढकलत जाणारा. कॉपर केटल देखणा, पण लगाम चढवतानाच घामानं निथळणारा. लाँग एकर दिसायला अगदीच बेंगरूळ, कान लोंबते, आणि चाल मात्र अशी की बाकीचे दमून बसले तरी हा चालतच राहील.

मंगळवारी ती युजीन प्रेंडरगास्टकडे गेली. युजीन तिच्या बापाचा दोस्त, चौऱ्याहत्तर वर्षांचा. एके काळी त्याच्याकडे तीस घोडे होते, आता पाच. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी इटा त्याच्याकडेच घोडे चालवायची आणि शर्यतीतही बसायची. इटाच्या बाप्तिस्म्याला डिम्पनाच धर्ममाता म्हणून उभी राहिली होती. त्या वेळी तीन आठवड्यांच्या असलेल्या त्या पोरीचं आता सत्तावीस वर्षांचं, वाऱ्यापावसानं रापलेलं तोंड झालं होतं.

"आली का पत्रकारीण!" युजीन फाटकातूनच ओरडला. "ये ये. पण माझ्या घोडीला 'असावी-नसावी' लिहिलंस तर चहा मिळायचा नाही, सांगून ठेवतो."

घोडीचं नाव बॉग कॉटन. करडी, सडपातळ, सात वर्षांची. हंगामात दोनदा दुसरी आली होती. इटानं तिला मागच्या कुरणात भरधाव सोडली तेव्हा डिम्पनाला मनापासून बरं वाटलं. पाऊल लांब, श्वास स्वच्छ, मातीवर वजन पडतंय की नाही असं धावणं. मग इटानं तिला सरावाच्या तीन कुंपणांकडे वळवलं. पहिली उडी घोडीनं चार पावलं आधीच घेतली, दुसरी अगदी कुंपणाला चिकटून. तिसऱ्या उडीत ती हवेतच उजवीकडे सरकली.

"आज जरा अंगात आलंय तिच्या," युजीन म्हणाला.

घोडी परत येताना फाटकाच्या डाव्या खांबाला तिचा खांदा घासला. मान किंचित डावीकडे वळवलेली होती, म्हणजे उजवा डोळा पुढं यावा अशी. इटा खाली उतरून खोगीर ठेवायला आत गेली. डिम्पना घोडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. डोळ्यातून पाणी गळत होतं आणि बुबुळावर पातळ निळसर साय आली होती. तिनं तळहात सपाट धरला, वारा लागू नये म्हणून अगदी हळू, आणि डोळ्याशी नेला. पापणी हलली नाही.

तिनं वळून पाहिलं. युजीन तिच्याकडेच बघत होता.

"काका, या डोळ्यानं दिसतं का हिला?"

"चाऱ्याची काडी गेलीय. मलम घालतोय."

"किती दिवस?"

"होईल बरं." त्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "इटाला काही बोलू नकोस, पोरी. चौदा वर्षं दुसऱ्यांनी टाकून दिलेली जनावरं चालवलीत तिनं. पहिल्यांदा काहीतरी धड मिळालंय. उगाच तिच्या डोक्यात किडा नको."

डिम्पनाला आणखी विचारायचं होतं, पण तेवढ्यात इटा चहाची किटली घेऊन आली. तिघांनी ब्राऊन ब्रेड आणि हॅम खाल्लं आणि पावसावर बोलले.

बुधवारी लिहायला बसल्यावर आठ घोडे झरझर कागदावर उतरले, नववा उतरेना. 'डावा डोळा' असे शब्द तिनं लिहिले आणि खोडले. काडीच गेली असेल तर? जनावरांचा डॉक्टर तर ती नव्हती. टियर्नीच्या घोड्याच्या वेळीही तिला अशीच खात्री होती. शेवटी तिनं लिहिलं, "बॉग कॉटन. दमसासाला तोड नाही. उडी घेताना उजवीकडे सरकते, आणि किलमोईलची धाव डावीकडे वळणारी. त्यामुळं थोडं अवघड जाण्याची शक्यता." हॅकेटनं वाचून मान डोलावली. तीन ओळींतला एकही शब्द खोटा नव्हता. पण खरं ते त्यात नव्हतंच, आणि हे तिलाच ठाऊक होतं. शुक्रवारी गिऱ्हाइकं कौतुक करून गेली तेव्हा तिला कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

शनिवारी वारा होता, पण पाऊस नव्हता. नवख्यांची शर्यत चौथी. खोगीर चढवायच्या जागेशी डिम्पना वही घेऊन उभी होती. सेक्स्टन आला, कॉपर केटल घामाघूम होऊन आला, मग युजीन स्वतः बॉग कॉटनला घेऊन आला. तो तिच्या डाव्या बाजूनं चालत होता, इतका बिलगून की त्या बाजूचं घोडीचं डोकं त्याच्या टोपीआड झालं होतं. दुसऱ्या एका घोड्यानं डावीकडून फुरफुर केली तशी ती दचकून आडवी झाली. आवाज कुठून आला हेच तिला कळलं नव्हतं.

डिम्पनानं वही मिटली आणि ती वजन करायच्या खोलीमागं गेली. इटा निळा-पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकून उभी होती.

"इटा, तुला एक सांगायचंय. तू चिडशील."

"घोडीच्या डोळ्याचं ना?"

डिम्पनानं वही कोटाच्या खिशात घातली.

"महिना झाला मला कळून," इटा म्हणाली. "मावशी, रोज तिच्यावर मी बसते. मला कळणार नाही का?"

"मग खुळी आहेस का तू? उतरवत का नाहीस तिला?"

"बाबांना कोण सांगणार? आई गेल्यावर चार महिने ते अंथरुणातून उठत नव्हते. या घोडीसाठी उठायला लागले. एवढी एक शर्यत होऊ दे, मग मीच सांगेन. डावीकडच्या कठड्याला घासून नेईन तिला. त्या बाजूनं कुणी येणारच नाही."

"घोडे येणार नाहीत. कुंपणं तर समोरून येणार ना."

"एका डोळ्याचे घोडे धावलेत. जिंकलेतसुद्धा."

"ज्यांचा डोळा शिंगरू असताना गेला ते. त्यांना एका डोळ्यानं अंतर मोजायला वर्षं मिळाली. हिला महिना झालाय, पोरी. मंगळवारी तीन कुंपणं होती, तिन्हींना तिचा अंदाज चुकला. आज सतरा आहेत."

इटानं चाबकाची मूठ दुसऱ्या हातात घेतली.

"तुझ्या बाबांना माहीत आहे," डिम्पना म्हणाली. "मला म्हणाले, इटाला सांगू नकोस."

इटाचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला आणि मग घट्ट बंद झाला. "बरं. म्हणजे आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि दोघांनाही ती धावायला हवीय. मग हे तुझं काम उरत नाही, मावशी. तू गप्प बस. लिहिताना बसलीस ना, तशी."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. शर्यतीला पस्तीस मिनिटं होती. डिम्पना सूपच्या टपरीपर्यंत गेली, तिथून परत फिरली, पुन्हा गेली. ओळखीच्या एकानं हाक मारली, "काय डिम्पना, आज कोण? लाँग एकर का?" तिला ऐकूच आलं नाही. टियर्नीची बायको आठवत होती. युजीन अंथरुणातून उठत नव्हता तो हिवाळाही आठवत होता. तिनंच तर तेव्हा आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जेवण पोचवलं होतं. आणि या सगळ्यामधून ती न हललेली पापणी पुन्हा पुन्हा येत होती.

मैदानावरचे जनावरांचे डॉक्टर कीली रिंगणाच्या कठड्याशी उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि श्वास न घेता म्हणाली, "नऊ नंबर. डावा डोळा बघा."

कीलींनी एकदा तिच्याकडं पाहिलं. "मला कुणी सांगितलं म्हणून विचारतील. तुझं नाव घेऊ?"

"घ्या."

ती लांबून बघत राहिली. कीलींनी घोडीला एका आडोशाला नेलं, बॅटरी काढली, हात फिरवला, मग डोळ्यावर अलगद बोट ठेवलं. घोडीनं वेदनेनं डोकं झटकलं. युजीन टोपी हातात घेऊन उभा होता. वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उभे राहिले होते, आणि तो एकदम फार म्हातारा दिसत होता. इटा धावत आली, बापाजवळ थांबली, पण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. मग लाउडस्पीकरवरून आवाज आला, "चौथ्या शर्यतीतून नऊ नंबर, बॉग कॉटन, बाद. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार." गर्दीतून एक नाराजीचा सूर उमटला. तिच्यावर पैसे लावणारे बरेच होते.

आठ घोडे सुटले. डिम्पना उताराच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. किलमोईलला नवखे घोडे पडतात ते तिथंच. पहिल्या फेरीला आठही जण सुखरूप गेले. दुसऱ्या फेरीला सेक्स्टननं कुंपणाच्या अर्ध्या काटक्या छातीनं उडवल्या, तरी तोही सावरला. घोडे निघून गेल्यावर डिम्पनाच्या ध्यानात आलं की आपल्या मुठी आवळलेल्या आहेत आणि आपण कुणीतरी पडायची वाट बघत होतो. एखादा पडला असता म्हणजे बोट दाखवता आलं असतं, बघा, इथं काय झालं असतं ते. कुणाची तरी हाडं मोडावीत, एवढ्यासाठी की आपण बरोबर ठरावं. तिनं मैदानाकडं पाठ फिरवली. शेवट तिनं पाहिलाच नाही. लाँग एकर जिंकला. तिनं लिहिलं होतं तसाच, दमलेल्यांच्या मधून चालत. एकही घोडा पडला नाही.

गावात दोन मतं झाली, आणि दोन्ही तिच्या दुकानातच बोलली गेली. "बरं केलंस बाई," म्हणणारे होते. पण त्याहून जास्त जण काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, "आठच्या आठ सुखरूप आले की गं. नववी पण आली असती." ती ओटची गोणी काउंटरवर ठेवायची आणि पैसे मोजून घ्यायची. घोडीला डब्लिनच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्याच्या आतली सूज, येणारी-जाणारी. जुने लोक असलं दुखणं चंद्राच्या कलेवर घालत. ती त्या दिवशी धावली असती का, असं युजीननं त्यांना विचारलं म्हणे. ते म्हणाले, सतरा कुंपणं पार केली असती किंवा पहिल्यालाच कोसळली असती, कोण सांगणार. मेपर्यंत डावा डोळा पुरता गेला आणि उजव्यातून पाणी गळायला लागलं. युजीननं ट्रेनरचा परवाना परत केला.

पागांची दारं डिम्पनाला हळूहळू बंद झाली. तोंडावर नाही म्हणालं नाही कुणी. फक्त मंगळवारी गेलं की घोडे नेमके चरायला सोडलेले असायचे, आणि शर्यतीच्या दिवशी ती कठड्याशी आली की मोतद्दार घोड्याला पलीकडच्या बाजूनं न्यायचे. हॅकेट म्हणाला, "वाचक वाढलेत तुझे. आता लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे." ती म्हणाली, "वाचकांच्या घरी घोडे नसतात, हॅकेटसाहेब." तरी तिनं पान सोडलं नाही. रिंगणात जेवढं दिसेल तेवढं बघून ती लिहायची, आणि 'असावा-वाटतो' मात्र आता पुन्हा गेले होते.

इटा जूनमध्ये यॉर्कशायरला एका मोठ्या पागेत कामाला गेली. जाताना दुकानावरून गेली, आत आली नाही. ऑक्टोबरात बातमी आली की ती पडली, गळ्याचं हाड मोडलं. डिम्पनानं चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभरानं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, "हाड जुळलं. घोडा धडधाकट होता, मावशी. कुंपणही बुटकं होतं." यात टोमणा होता की समजूत, हे कळेना. तिनं ते कितीतरी वेळा वाचलं.

नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थना करायचा महिना. एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर डिम्पना बापाच्या थडग्याशी गेली होती. दोन ओळी पलीकडं युजीन बायकोच्या थडग्यावरची पानं काठीनं बाजूला करत होता. तिला वाटलं, निघून जाईल. तो गेला नाही. आठ महिन्यांनी पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"आधी मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की, काका. मंगळवारी."

"नाही." तो मान हलवत म्हणाला. त्यात राग नव्हता. "मंगळवारी तू विचारलं होतंस. दिसतं का हिला, असं. विचारलेल्याला माणूस खोटं बोलू शकतो. तू मला सांगितलं असतंस ना, 'युजीन प्रेंडरगास्ट, ही घोडी आंधळी होतेय आणि तुझी पोर तिच्यावर बसणार आहे', तर मी काय केलं असतं माहीत नाही. पण माझ्याच तोंडानं नाही म्हटलं असतं कदाचित. लाउडस्पीकरवरून नाही."

तिनं बापाच्या थडग्याकडं पाहिलं. बाप पाच-पाच वेळा घोडा चालवायचा, तेव्हाही शेवटी उत्तर मोठ्यानं द्यावंच लागायचं. तिनं मंगळवारी ते गिळलं होतं, बुधवारी कागदावर गिळलं होतं, आणि शनिवारी ते तिसऱ्याच माणसाला जाऊन दिलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "शनिवारचं नाही. मंगळवारचं."

युजीननं काठीनं आणखी चार पानं सरकवली. "घोडी गाभण आहे," तो म्हणाला. "दोन्ही डोळे गेले म्हणायचे आता. जवळ जाताना बोलत जावं लागतं, नाहीतर घाबरते. मी आपला दिवसभर बडबडत असतो. काय वाटेल ते बोलतो. परवा रोझरीची अख्खी जपमाळ म्हटली तिच्यापुढं."

मग टोपी घालून तो फाटकाकडं गेला. मोटारीशी पोचल्यावर तो जरा थांबला, पण मागं वळला नाही.

हे 'ये' म्हणणं होतं की नुसतं सांगणं, हे डिम्पनाला ठरवता आलं नाही. पुढच्या मंगळवारी तिनं दुकान लवकर बंद केलं, कोट चढवला, आणि प्रेंडरगास्टांच्या घराकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडापर्यंत गेली. तिथून पागेचं छप्पर दिसत होतं. आत कुणीतरी संथ, सलग आवाजात बोलत होतं, शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि घरी परत आली.